धागा: नाना शंकरशेठ पुण्यतिथी, शहापूर. फलक, ठेव आणि पंधरा मिनिटांचं नाटक

सराफगल्ली

३१ जुलैला नाना (जगन्नाथ) शंकरशेठांची पुण्यतिथी. यंदा बेळगावच्या शहापुरात हार, नारळ आणि तीन भाषणं एवढ्यावर भागवायचं नाही असं ठरलंय. तीन गोष्टी करायच्या आहेत. बारा फलकांचं छोटं प्रदर्शन, दहावीच्या मुलांसाठी नानांच्या नावानं कायमचं बक्षीस (जमा रक्कम ३ लाख), आणि शेवटी नानांच्या काळातल्या नाटकाची झलक.

फलकांचा कच्चा मजकूर असा: नाना म्हणजे आधुनिक मुंबईचे शिल्पकार; भारतात रेल्वे त्यांनी आणली; जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, एल्फिन्स्टन कॉलेज आणि राणीचा बाग त्यांनी काढला. पहिलं नाट्यगृह बांधलं. मराठी रंगभूमीला आश्रय दिला. बक्षीस 'संस्कृतात पहिला येणाऱ्यास', जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीच्या धर्तीवर.

'छान उपक्रम' एवढंच लिहायला येऊ नका. काय चुकलंय आणि काय फसेल ते सांगा.

बोरूबहाद्दर

काढला, आणली, बांधलं ही तीन क्रियापदं आधी खोडा. निम्म्या चुका तिथंच आहेत.

जे. जे. स्कूल सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालं. ते नानांच्या खात्यावर मांडू नका. एल्फिन्स्टनसाठी १८२७ मध्ये गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन निघाले तेव्हा मोठी वर्गणी जमली. ती जमवणाऱ्यांत आणि पुढं संस्था चालवणाऱ्यांत नाना होते, एकटे नव्हते. रेल्वेचंही तसंच. १८४५ मध्ये मुंबईत रेल्वेसाठी जी मंडळी एकत्र आली त्यांत नाना आणि जमशेटजी आघाडीवर होते. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानं उभी राहिली आणि भांडवल लंडनचं होतं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. 'रेल्वे यावी म्हणून मुंबईतून खटपट करणारे आणि तिच्या इथल्या समितीवर बसलेले' असं लिहिलं तर कुणालाही बोट ठेवता येणार नाही, आणि मान कमी होत नाही.

आता फलकावर यायलाच हवं ते. जन्म १० फेब्रुवारी १८०३, मुरबाड. आडनाव मुरकुटे, शंकरशेठ हे वडिलांचं नाव. दैवज्ञ घराणं, मुंबईतली मोठी पेढी. अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेपेक्षा त्यांच्याकडं ठेवत, अशी त्या घराची पत. वडील १८२२ मध्ये वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते, आणि त्याच साली मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि शाळेची पुस्तकं छापण्यासाठी जी मंडळी निघाली तिच्याशी ते जोडले गेले. १८४० मध्ये सरकारनं बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. सात जण, त्यांत तीन हिंदुस्थानी, त्यांपैकी एक नाना. नाना तिथं सोळा वर्षं टिकले. मुलींची शाळा १८४८-४९ मध्ये स्टुडंट्स सोसायटीनं काढली तेव्हा जागा नानांनी गिरगावात आपल्या वाड्याच्या आवारात दिली. त्या काळी मुलींच्या शाळेला जागा देणं म्हणजे पैसे देण्यापेक्षा जड काम होतं, कारण शेजारपाजार आणि जात दोन्ही अंगावर येत. २६ ऑगस्ट १८५२ला बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, नाना तिचे अध्यक्ष. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमणूक. ३१ जुलै १८६५ला मृत्यू.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला (आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय) एक अख्खा फलक द्या. नाना त्याच्या समितीचे प्रमुख. पायाभरणी १९ नोव्हेंबर १८६२, उघडलं २ मे १८७२. मधे दहा वर्षं का गेली? १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, त्यावर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार बसला, पेढ्या बुडाल्या आणि वर्गणीच्या जोरावर चाललेलं काम रखडलं. शेवटी सरकारनं पुरं केलं. नानांनी ती इमारत पुरी झालेली पाहिली नाही.

चित्र शोधताना जपा. नुसतं 'नाना' टाकलं की नेटवर पेशव्यांचे नाना, फडणवीस नाना, सगळे नाना हजर होतात. नानांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, टाउन हॉलमध्ये आहे. त्याचा फोटो घ्या.

तिसरी_घंटा

नाटकाच्या ओळीवर सविस्तर, कारण शहापूरकरांना हा विषय मुंबईच्या वाटेनं शोधावा लागतच नाही. तुमचं शहापूर १९४८ पर्यंत बेळगावात नव्हतं, सांगली संस्थानात होतं. आणि मराठी नाटक सुरू झालं तेच सांगलीच्या राजवाड्यात.

१८४२च्या सुमारास घाटाखालची, होन्नावरकडच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला आली. यक्षगानाच्या वळणाचे कानडी खेळ करणारी. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी ते पाहिले आणि पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असंच पण जरा नीटस, मराठीत बसवा. ५ नोव्हेंबर १८४३ला 'सीतास्वयंवर' झालं. खर्च संस्थानाचा, नट संस्थानच्या चाकरीतले, प्रेक्षक राजाचे पाहुणे. तिकीट नाही, हिशेब नाही, करार नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले. वारस तेरा वर्षांचा, कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि नाटकाचा खर्च ही पहिली कात्री. भावे कर्जात. तेव्हा मंडळी घेऊन गावोगाव खेळ करत निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत पोचले.

इथं नाना येतात. मुंबईत साहेबांचं जुनं थिएटर हॉर्निमन सर्कलच्या जागी, तेव्हाच्या बॉम्बे ग्रीनवर होतं, १७७६ पासून. ते वर्गणीवर चाललं, कर्जात बुडालं आणि १८३५ मध्ये विकावं लागलं. लोकांनी नव्या थिएटरसाठी अर्ज केला, जुन्या विक्रीची कर्ज फेडून उरलेली शिल्लक कामी आली, आणि जमीन दिली नानांनी, ग्रँट रोडवर. १८४६ मध्ये थिएटर उघडलं. कागदोपत्री नाव रॉयल, लोक म्हणायचे 'शंकरशेटची नाटकशाळा'. म्हणजे 'पहिलं नाट्यगृह बांधलं' हे दोन्ही शब्दांत चूक आहे: पहिलं नव्हतं, आणि एकट्यानं बांधलेलं नव्हतं.

गंमत पुढंच आहे. थिएटर साहेबलोकांसाठी काढलं, पण ग्रँट रोड फोर्टपासून लांब, रात्रीची वाट धड नाही, त्यामुळं साहेब येईनात. रिकामी इमारत भाड्यानं द्यायची वेळ आली. मग १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी तिथं खेळली आणि त्याच साली पारशी नाटक मंडळीही तिथंच उभी राहिली. भाडं द्या, तिकीट लावा, उरलं ते तुमचं. सांगलीत मालक गेला आणि खेळ थांबला. ग्रँट रोडला मालकाच्या मर्जीवर काही अवलंबूनच नव्हतं.

म्हणून 'मराठी रंगभूमीला आश्रय दिला' लिहू नका. आश्रय सांगलीनं दिला. नानांकडून जागा मिळाली. हा फरक दोन फलकांवर समोरासमोर लावा: डावीकडं सांगली १८४३, उजवीकडं ग्रँट रोड १८५३.

खानापूरकर

हे झकास. खरं मग भागवत मंडळी कानडी खेळ करणारी, तर फलकांवर कन्नड पण घाला की ओ. शहापुरात निम्मं गिऱ्हाईक दोन्ही वाचतंय.

सराफगल्ली

घालू. बाहेरच्या पाटीवर तसंही वरच्या बाजूला ६० टक्के कन्नड लागतं, आत फलकांवर खाली कन्नड सारांश देऊ. नाटकशाळेचा मजकूर बदलला. 'काढला, आणली, बांधलं' खोडले. आता ठेवीवर कुणीतरी बोला.

जमाखर्च

आधी वेगळा ट्रस्ट काढायचा विचार असेल तर सोडा. ३ लाखांसाठी ट्रस्ट म्हणजे दस्त, नोंदणी, स्वतंत्र पॅन, दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र. सीएची फी व्याजातूनच जाणार. सोसायटी करायची तर कर्नाटकच्या १९६० च्या कायद्यानं किमान सात सभासद, आणि दरवर्षी निबंधकाकडं कागद. त्यापेक्षा आधीच नोंदलेली, ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट देणारी मान्यता) असलेली, हिशेब वेळेवर भरणारी एखादी शाळा किंवा वाचनालय धरा आणि रक्कम त्यांच्याकडं 'विशिष्ट कारणासाठी कायम निधी' म्हणून ठेवा. देणाऱ्या प्रत्येकाकडून एक ओळ लेखी हवी: 'ही रक्कम कायम निधीसाठी, मुद्दल खर्चायचं नाही.' ती ओळ नसेल तर देणगी त्या वर्षीच्या उत्पन्नात मिसळते आणि दोन वर्षांनी ती पंख्याच्या दुरुस्तीत गेलेली असते. रोख २,००० च्या वर घेऊ नका, ८०जीची वजावट मिळत नाही. शिवाय संस्थेनं देणगीदारांची यादी आयकर खात्याला भरली तरच ती देणाऱ्याच्या खात्यावर दिसते, हे आधी विचारून घ्या. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पावतीवर काय छापायचं ते सीएला विचारा.

आता मुद्दल. ६.५ टक्के धरा, ३ लाखांवर १९,५०० व्याज. सगळं वाटलं तर पहिली दहा वर्षं थाटात जातील आणि विसाव्या वर्षी त्या पैशात पुष्पगुच्छ येईल. गावोगावच्या जुन्या स्मृती-पारितोषिकांचं हेच झालंय. पन्नासच्या दशकात ५०० रुपये ठेवले, ४ टक्क्यांनी वर्षाला २० रुपये. तेव्हा ते पुस्तकांचं गाठोडं होतं, आज चहा. सुवर्णपदकं मुलाम्याची झाली ती अशीच. तर १९,५०० पैकी १२,००० खर्चा (९,००० बक्षीस, ३,००० कार्यक्रम) आणि ७,५०० मुद्दलात परत टाका. मुद्दल वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढतं, एकोणतीस वर्षांत दुप्पट. महागाईला पुरतं गाठत नाही, पण अंगावरचे कपडे राहतात.

तीन लाखांची एकच ठेव करू नका. एक-एक लाखाच्या तीन, मुदत एक, दोन आणि तीन वर्षं. दर पडला तरी एकदम सगळ्यावर पडत नाही, आणि दरवर्षी एक ठेव सुटते, ती पुन्हा तीन वर्षांसाठी घाला. संचयी ठेव घेऊ नका, तिचं व्याज मुदत संपल्यावरच हातात येतं आणि जुलैत बक्षिसाला पैसे नसतात. तिमाही व्याज बचत खात्यात येईल अशी घ्या.

कुठं ठेवायची? सौहार्द (कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी संस्था) आणि पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देतात, म्हणून मोह होणार. ठेव विमा फक्त बँकांना आहे, एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत. सौहार्द सहकारीला तो नाही. वर बोरूबहाद्दरांनी १८६५ चं लिहिलंय तेच पुन्हा वाचा.

आणि खातं तीन माणसांच्या वैयक्तिक नावावर उघडायचं नाही. व्याज त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यातला एक वारला की सही अडते, आणि वारस म्हणतात वडिलांचे पैसे. संस्थेच्या नावावर, 'कोणतेही दोन' या पद्धतीनं, आणि सह्या पदाधिकाऱ्यांच्या.

फळाखडू

ठेवीपेक्षा अट जास्त महत्त्वाची आहे, आणि 'संस्कृतात पहिला' ही अट बेळगावात लावली तर मराठी शाळेतल्या एकाही मुलाला बक्षीस मिळणार नाही. का ते बघा.

आपल्याकडं मराठी माध्यमाच्या दहावीला पहिली भाषा मराठी, १२५ गुणांची. उरलेल्या दोन इंग्रजी आणि कन्नड, प्रत्येकी १००. तीन भाषा संपल्या, संस्कृतला जागाच नाही. संस्कृत घेतात ती बहुतेक इंग्रजी माध्यमाची मुलं, आणि त्यांतही काही ती पहिली भाषा म्हणून १२५ गुणांना घेतात, काही तिसरी म्हणून १०० ला. नुसते गुण ताडले तर १०० पैकी १०० वाला १२५ पैकी १०५ वाल्याच्या मागं पडतो.

मूळ शिष्यवृत्तीचं काय झालं तेही समजून घ्या. नानांच्या पश्चात १८६६ च्या सुमारास ती निघाली, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यासाठी. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळं इथला मुलगाही त्याच मॅट्रिकला बसायचा आणि त्याच यादीत असायचा. पुढं मॅट्रिकची एस.एस.सी. झाली. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, शाळा हळूहळू एस.एस.एल.सी.कडं, म्हणजे तिकडच्या दहावीकडं वळल्या. शिष्यवृत्ती आजही महाराष्ट्राच्या दहावीला मिळते. पण इथली मुलं यादीतून बाहेर गेली. अट परीक्षेला बांधलेली होती, आणि परीक्षा सरहद्दीच्या पलीकडं राहिली.

तर बक्षीस पहिली भाषा मराठी घेणाऱ्याला द्या. नानांच्या दृष्टीनं हेच जास्त शोभतं. बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये सर अर्स्किन पेरी म्हणत होते पैसा इंग्रजीवर लावा. नाना म्हणत होते विद्या खालपर्यंत जायची तर लोकांच्या भाषेतून. १८४७ च्या सुमारास त्यांनी हा मतभेद लेखी नोंदवला.

बोरूबहाद्दर

फळाखडूंना दुजोरा, एक पुरवणी. नाना इंग्रजीच्या विरोधात नव्हते. १८५७ मध्ये त्यांच्या नावाची इंग्रजी शाळा गिरगावातच निघाली. वाद पैशाच्या वाटणीचा होता. फलकावर 'इंग्रजीला विरोध' असं कुणी उत्साहानं लिहील, तेवढं बघा.

सराफगल्ली

ही अट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मसुदा असा चालेल का: 'बेळगाव जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावीला मराठीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास रोख रु. ९,००० व प्रशस्तिपत्र.'

फळाखडू

चार ठिकाणी फसेल.

'सर्वाधिक गुण': १२५ पैकी १२५ वाले तीन-चार निघू शकतात. मग भांडण. आधीच लिहा की रक्कम समान वाटायची. कन्नडचे गुण, वय, वार्षिक उत्पन्न अशी चाळणी लावायची असेल तर ती आजच लावा, निकालादिवशी नाही.

'दहावीला': आता एस.एस.एल.सी.च्या वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात. गुणवाढीसाठी दुसरीला बसणारेही असतात. 'परीक्षा-१, फेरमूल्यांकन झाल्यास त्यानंतरचे गुण' असं हवं. फेरमूल्यांकनाचे निकाल हातात यायला वेळ द्या, म्हणजे अर्ज १५ जुलैपर्यंत.

'मराठी माध्यमाच्या शाळेतून': मराठी शाळांचे वर्ग कमी होत चाललेत. उद्या तुमच्या वॉर्डात मराठी माध्यमच उरलं नाही, पण इंग्रजी शाळेत पहिली भाषा मराठी घेणारा पोरगा असला, तर तो बाद का? माध्यम काढा, विषय ठेवा.

'बेळगाव जिल्ह्यातील': जिल्ह्याचे तुकडे करण्याची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. तालुक्यांची नावं लिहा, किंवा 'आज रोजी असलेल्या' असं घाला. चंदगडची मुलं घ्यायची असतील तर तिकडं महाराष्ट्राची परीक्षा, पहिली भाषा १०० गुणांची, म्हणून गुण नाही, टक्के धरायचे. टक्के लिहिले की दोन्हीकडं चालतं.

जमाखर्च

आणि 'रु. ९,०००' कराराच्या कागदावर लिहूच नका. 'मागील आर्थिक वर्षाच्या व्याजाच्या ६० टक्क्यांपर्यंत' लिहा. बक्षीस आणि कार्यक्रम दोन्ही त्यातच बसवा. आकडा गोठवला की वीस वर्षांनी तोच आकडा राहतो, रुपया मात्र राहत नाही.

निपाणकर

फलकांचं सांगतो. फ्लेक्स छापू नका, लोंबतो, आणि फोटोत चमक येते. विनाइल छापून ५ मिमी सनबोर्डवर (फोमचा हलका पुठ्ठा) चिकटवा, आकार २ बाय ३ फूट. ३ मिमी स्वस्त मिळतो, पण जुलैतल्या बेळगावच्या दमट हवेत चार दिवसांत कडा वळतात. भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते. मागं पट्टी लावून वर टांगा, भिंतीपासून बोटभर सुटा.

एका फलकावर १२० ते १५० शब्द, त्याच्या वर नाही. खाली कन्नड आलं की मराठी १०० वर आणा. मथळा ७२ पॉइंट, मजकूर २८, चित्राखालची ओळ २०. चार फुटांवरून वाचता येतं.

घात होतो तो टायपात. मजकूर तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिणार. छापणाऱ्याकडं टायपिंगची सॉफ्टवेअरं वेगळी, मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी, त्यातही जुनी आवृत्ती. पेस्ट केलं की रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, 'ऱ्य' फुटतो, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडं जाते. तो घाईत पुन्हा टाइप करतो आणि मग 'शंकरशेठ' एका फलकावर 'शेट', दुसऱ्यावर 'शेठ', तिसऱ्यावर 'शेठ्ठ'. मजकूर कधीही खुला पाठवू नका. आपल्याकडंच मांडणी करा, अक्षरांचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरं चित्र होतात, फुटत नाहीत), पीडीएफ द्या. छापायच्या आधी ए-४ वर एक प्रत काढून ज्यानं मजकूर लिहिला नाही अशा माणसाला वाचायला द्या. कन्नडला तर हे दोनदा.

खानापूरकर

'शेट' की 'शेठ' ते एकदा ठरवा. नाटकशाळेच्या नावात लोक 'शेट' म्हणत होते ना?

बोरूबहाद्दर

दोन्ही लिहिलेलं सापडतं. बारा फलकांवर 'शेठ' ठेवा, आणि 'शंकरशेटची नाटकशाळा' अवतरणात, लोकांच्या तोंडी होतं तसं.

तिसरी_घंटा

आता झलक. पंधरा मिनिटांत अख्खं आख्यान बसवायला जाऊ नका, फसेल. भाव्यांच्या खेळाची सुरुवातच दाखवा, तीच सगळ्यात देखणी. क्रम असा: सूत्रधार आणि मागं दोन-तीन साथीदार, झांज-मृदंगावर मंगलाचरण. मग विदूषक, झाडपाला गुंडाळलेला, सूत्रधाराशी उलटसुलट बोलणारा. मग गणपती, सोंड लावून. मग मोरावरची सरस्वती नाचत येते. तिनं आशीर्वाद दिला की मूळ कथा सुरू. इथं थांबा आणि राक्षसपार्टीची एक आरोळी पडद्यामागून टाका, पोरं खूश.

त्या काळी लिहिलेले संवाद नव्हते. पदं सूत्रधार म्हणायचा, त्याचा अर्थ पात्र आपल्या शब्दांत बोलायचं. म्हणून पोरांना संहिता पाठ करायला देऊ नका. पद ऐकवा आणि अर्थ बोलायला सांगा. बेळगावची बोली आली तर येऊ दे.

मोर कसा करायचा ते विचारणार, म्हणून आधीच. मोरावर बसायचं नसतं, मोर कमरेला बांधायचा असतो. बुरुडाकडून कामट्या घ्या आणि मुलाच्या कमरेपेक्षा चार बोटं मोठं लांबट कडं वळवा, साधारण २० इंच लांब, १४ रुंद. पुढं मान दीड फूट, मागं पिसारा. कड्याला दोन पट्टे, खांद्यावर फुली मारून. सरळ टाकले तर नाचताना उतरतात. वर कागद नको, जुनं सुती धोतर खळीत बुडवून ताणा, वाळल्यावर रंगवा. पावसात कागद गळतो, कापड सैल पडलं तरी फाटत नाही. एकूण वजन अडीच किलोच्या आत ठेवा. पिसारा जड झाला की मोर मागं कलतो आणि सरस्वती पोट पुढं काढून चालते. मग मानेत वाळूची लहान पुरचुंडी घालून तोल साधा. कड्याखाली घेरदार परकर, पाय दिसायला नकोत.

दिवट्या खऱ्या लावू नका. सभागृहाला परवानगी लागते आणि कापडाचा मोर शेजारीच असतो. पिवळे बल्ब खालून, पुढच्या बाजूनं. प्रकाश खालून आला की चेहरा त्या काळचा वाटतो.

सराफगल्ली

मोराचं माप घेतलं. करारनाम्याचा मजकूर वरचं सगळं धरून पुन्हा लिहिलाय:

'नाना शंकरशेठ स्मृती पारितोषिक. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी व निपाणी या तालुक्यांतील (आज रोजी असलेल्या सीमा) आणि चंदगड तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याने दहावीच्या वार्षिक मुख्य परीक्षेत, फेरमूल्यांकन झाल्यास त्यानंतर, पहिली भाषा मराठी या विषयात सर्वाधिक टक्के मिळवले असतील त्यास. माध्यमाची अट नाही. एकापेक्षा अधिक विद्यार्थी समान असल्यास रक्कम समान वाटावी. रक्कम मागील आर्थिक वर्षाच्या व्याजाच्या ६० टक्क्यांतून, कार्यक्रमाचा खर्च धरून. उरलेले व्याज मुद्दलात. मुद्दल कोणत्याही कारणाने खर्चता येणार नाही.'

फळाखडू

एक ओळ कमी आहे. परीक्षाच बदलली तर? बोर्डाची परीक्षा रद्द झाली, नाव बदललं, पहिली भाषा ही कल्पनाच गेली. १८६६ मध्ये मॅट्रिक कायमची वाटली असेल. शेवटी घाला: 'सदर परीक्षा अथवा विषय या स्वरूपात न राहिल्यास, शालेय शिक्षणाच्या त्या टप्प्यावरील मराठीच्या परीक्षेस ही अट लागू करण्याचा अधिकार संस्थेच्या कार्यकारिणीस राहील, मराठी हा विषय मात्र बदलता येणार नाही.'

जमाखर्च

आणि कार्यकारिणीनं तो ठराव दोन तृतीयांश मतांनी करावा, इतिवृत्तात लिहून. नाहीतर पाच जण कोपऱ्यात बसून ठरवतात. करारनामा स्टॅम्प पेपरवर, दोन प्रती, एक संस्थेकडं, एक देणगीदारांच्या वतीनं ज्याच्याकडं लोखंडी कपाट आहे त्याच्याकडं. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

सराफगल्ली

दोन्ही ओळी घातल्या. बुरुडाला उद्या माप देतो. निपाणकर, पीडीएफ तुम्हाला पाठवली तर ए-४ ची प्रत तुम्ही वाचाल का? मजकूर तुम्ही लिहिलेला नाही.

निपाणकर

पाठवा. मराठी मी वाचतो, कन्नड घरातली वाचेल. ती शाळेत कन्नडच शिकवते, सोडणार नाही.